‘कॅट’ला दोन टाळ्या का पडतात?

प्रश्न : मी इंग्रजी अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्यांचा एक छोटा वर्ग घेते. वर्गात आठ-दहा वर्षांची मुलं आहेत आणि काही मोठी माणसंही. रोज वीस शब्द फळ्यावर लिहून देते. एक दिवस रंग, एक दिवस प्राणी, एक दिवस शरीराचे अवयव. अर्थ सांगते, पाठ करून घेते. आठवड्याच्या शेवटी चाचणी घेतली की निम्म्याहून जास्त शब्द विसरलेले असतात. सिलॅबल, म्हणजे शब्द म्हणताना एका दमात निघणारे तुकडे, शिकवले की वाचन सुधारतं असं कळलं, म्हणून टाळ्या वाजवून शिकवायला घेतलं. पण ‘कॅट’ला सगळे दोन टाळ्या वाजवतात, ‘स्कूल’लाही दोन. मी ‘एक’ म्हणते ते कुणाला पटत नाही. मग सिलॅबलचे सहा प्रकार आणि शब्द तोडण्याचे नियम सांगितले, तर गोंधळ आणखी वाढला. मोठ्या माणसांना टाळ्या वाजवायला संकोच वाटतो तो वेगळाच. शिवाय शब्दकोशात शब्द भलत्याच ठिकाणी तोडलेले दिसतात. सिलॅबल शिकवावेत की सोडून द्यावेत?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली दोन टाळ्यांची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमचे विद्यार्थी मन लावून मोजताहेत, फक्त ते लिपीतली अक्षरं मोजताहेत. ‘कॅट’ म्हटलं की डोळ्यांपुढे ‘कॅ’ आणि ‘ट’ उभे राहतात आणि दोन टाळ्या पडतात. ‘स्कूल’चंही तेच, ‘स्कू’ आणि ‘ल’. मराठी लिहायला-वाचायला शिकलेल्या कुणाचंही असंच होईल. दोन अक्षरी शब्द, तीन अक्षरी शब्द असं मोजायची सवय आपल्याला पहिलीपासून लागलेली असते. तुमचं ‘एक’ त्यांना पटत नाही, कारण त्यांच्या हिशोबाने त्यांचं उत्तर बरोबरच असतं.

म्हणून एक-दोन तास इंग्रजी बाजूला ठेवा आणि हे काम आधी मराठीत करा. ‘घर’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरं, पण म्हणताना तोंड एकदाच उघडतं; ‘र’ला स्वर उरतच नाही. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना ‘क-मळ’ असे दोनच तुकडे. ‘खिडकी’ म्हणताना ‘खिड-की’, ‘आरसा’ म्हणताना ‘आर-सा’, ‘पुस्तक’ म्हणताना ‘पुस्-तक’, आणि चार अक्षरांचा ‘दरवाजा’ म्हणताना ‘दर-वा-जा’ असा तीन तुकड्यांत निघतो. हे त्यांना सांगू नका, त्यांच्याकडून काढून घ्या. फळ्यावर काहीही लिहू नका. वह्या मिटलेल्या हव्यात. हनुवटीखाली हाताचा पालथा पंजा धरायला सांगा आणि शब्द सावकाश म्हणायला लावा. हनुवटी हाताला जितक्या वेळा लागेल तितके सिलॅबल. आपल्याच भाषेत अक्षरं आणि तोंडातले तुकडे वेगवेगळे निघतात हे एकदा त्यांच्या लक्षात आलं, की ‘कॅट’ला एक टाळी का, हा वाद तुम्हाला घालावा लागत नाही. त्यांचा त्यांनाच उलगडा होतो.

हनुवटीच्या युक्तीची मर्यादाही सांगून ठेवते, नाहीतर वर्गात अडचण होईल. ‘आ’, ‘ओ’, ‘अ‍ॅ’ अशा स्वरांना हनुवटी चांगली खाली येते. ‘ई’ आणि ‘ऊ’ला ती जेमतेम हलते. ‘सिटी’ म्हणताना हाताला काही जाणवलं नाही म्हणून कुणी ‘शून्य’ म्हणाला, तर ओठ मिटून तोच शब्द गुणगुणायला सांगा. ‘म्‌-म्‌’ असे दोन वेगळे हुंकार ऐकू येतात. ‘लिटल’, ‘बटन’ अशा शब्दांच्या शेवटी तर नीट स्वरही नसतो, ‘ल’ किंवा ‘न’च स्वराचं काम करतो. तिथे हुंकारच खरा आधार. मोठ्या माणसांच्या संकोचावरही हनुवटी आणि हुंकार हेच उत्तर आहे. मोठ्यांना टाळ्या वाजवायला लावूच नका. बोटाने बाकावर ठोका द्यायला सांगा आणि सुरुवात प्रत्येकाच्या स्वतःच्या नावापासून करा. आपल्या नावात किती ठोके आहेत हे शोधायला कुणालाच कमीपणा वाटत नाही.

यानंतर इंग्रजीकडे या आणि एकच नियम द्या : जितके स्वर ऐकू येतात तितके सिलॅबल. ऐकू येतात, लिहिलेले दिसतात तितके नव्हे. ‘स्ट्रेंग्थ’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं आहेत आणि सिलॅबल एक, ‘एरिया’च्या स्पेलिंगमध्ये चारच अक्षरं आहेत आणि सिलॅबल तीन. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून दाखवलेत, तर स्पेलिंगवरून मोजायचा मोह पुष्कळ कमी होतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, शिकवावेत की सोडावेत. शिकवावेत, आणि त्यामागे एक ठोस कारण आहे. १९७४ साली इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना शब्द ऐकवून ठोके द्यायला लावले होते. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना सिलॅबलचे ठोके जमले. सुट्या ध्वनींचे ठोके मात्र त्या वयात एकालाही जमले नाहीत. सहा वर्षांच्या मुलांत सिलॅबल जमणारे सुमारे ९० टक्के होते आणि ध्वनी जमणारे सुमारे ७० टक्के. म्हणजे शब्दातले सुटे ध्वनी हाताला लागण्याच्या आधी सिलॅबल लागतात. ‘क-अ‍ॅ-ट’ अशी फोड करायला सांगण्याआधी तुकडे ऐकायला शिकवणं हा उलटा रस्ता नाही, तोच सोपा रस्ता आहे.

दुसरं कारण मराठी बोलणाऱ्यांसाठी खास आहे. इंग्रजीत एकाच सिलॅबलमध्ये दोन-तीन व्यंजनं गर्दी करतात आणि आपल्या जिभेला तिथे एखादा स्वर घालून जरा मोकळं व्हावंसं वाटतं. ‘फिल्म’चं ‘फिलिम’, ‘फॉर्म’चं ‘फारम’ असंच तर झालं. घरात बोलताना त्याने काही बिघडत नाही. पण इंग्रजीत एक जास्तीचा स्वर म्हणजे एक जास्तीचा सिलॅबल, आणि कधीकधी थेट दुसराच शब्द. ‘स्पोर्ट’ म्हणजे खेळ, ‘सपोर्ट’ म्हणजे आधार. ‘स्टेट’ म्हणजे राज्य, ‘इस्टेट’ म्हणजे मालमत्ता. ‘ब्लो’ म्हणजे फुंकणे, ‘बिलो’ म्हणजे खाली. या तीन जोड्या तुम्ही म्हणा आणि विद्यार्थ्यांनी नुसतं एक बोट किंवा दोन बोटं दाखवायची. नंतर त्यांच्यापैकी एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी बोटं दाखवायची. या खेळात सिलॅबलचा उपयोग कुणाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण अर्थ बदलताना ते स्वतः ऐकतात.

सहा प्रकार मात्र सध्या कपाटात ठेवा. ते चूक नाहीत. इंग्रजी जी मुलं आधीच बोलतात, त्यांना वाचन शिकवताना ते फार कामाला येतात, कारण शब्द त्यांच्या कानात आधीपासून असतो आणि प्रकार ओळखला की स्पेलिंगवरून उच्चार जुळतो. तुमच्या विद्यार्थ्यांच्या कानात तो शब्दच अजून नाही. जो शब्द कधी ऐकला नाही, त्याचा प्रकार ओळखून त्यांच्या हाती काय येणार? त्यातून सहा नावं पाठ करायची म्हणजे आणखी सहा अनोळखी शब्द. पहिले काही महिने दोनच गोष्टी पुरतात आणि त्यांनाही नावं न देता : सिलॅबल व्यंजनाने बंद झाला की आतला स्वर बहुतेक वेळा ऱ्हस्व असतो, स्वरावर उघडा राहिला की तो लांबतो. फळ्यावर ‘नॉट’चं स्पेलिंग लिहा आणि शेवटची ‘टी’ हाताने झाका, उरतं ‘नो’. ‘गॉट’ची ‘टी’ झाका, उरतं ‘गो’. ‘मेन’ची (एम-ई-एन) ‘एन’ झाका, उरतं ‘मी’. मुलांना हे झाकाझाकीचं काम स्वतः फळ्यापाशी येऊन करू द्यावं, त्यांना ते फार आवडतं.

एवढं बसलं की एकच व्यंजन दोनदा का लिहितात याचं कोडं सुटतं, जे मोठ्या माणसांनाही आयुष्यभर छळत असतं. ‘डिनर’मध्ये ‘एन’ दोन आहेत, त्यातली एक पहिल्या सिलॅबलला बंद करते, म्हणून ‘डि’ ऱ्हस्व. ‘डायनर’मध्ये ‘एन’ एकच, ती दुसऱ्या सिलॅबलकडे जाते, पहिला उघडा राहतो, म्हणून ‘डाय’. ‘सपर’ आणि ‘सुपर’, ‘हॉपिंग’ आणि ‘होपिंग’ यांतही हाच फरक. इथे मी सावध करते : मधे एकच व्यंजन असलं की पहिला सिलॅबल उघडाच असतो असं नाही. ‘पेपर’, ‘टायगर’, ‘ओपन’ उघडे आहेत. ‘सेव्हन’, ‘कॅमल’ बंद आहेत. म्हणून नियम म्हणून लादू नका. आधी उघडा धरून म्हणून बघा, ओळखीचा शब्द ऐकू आला नाही तर बंद धरून म्हणा, एवढंच शिकवा. पण ‘ओळखीचा शब्द ऐकू आला नाही तर’ या अटीसाठी तो शब्द आधी ओळखीचा असायला हवा, आणि तिथे आपण तुमच्या वीस शब्दांच्या यादीपाशी येतो.

ताई, ती यादी बंद करा. मी हे सौम्यपणे सांगत नाहीये, कारण तुमची मेहनत आणि त्यांची मेहनत दोन्ही त्या यादीत वाया जात आहेत. वीस हा आकडा नवख्यांसाठी जास्त आहेच, पण त्याहून मोठा घोळ एका जातीचे शब्द एकदम देण्यात आहे. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच गटातले नवे शब्द एकत्र दिले, तर ते एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा उशिरा पाठ होतात. रॉबर्ट वॉरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांबरोबर तसाच प्रयोग केला आणि तोच निष्कर्ष निघाला. वर्गात हे रोज दिसतं. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एका दिवशी शिकवा, दोन्ही शब्द लक्षात राहतील, पण कोणता कुठला हे पुढे कितीतरी दिवस उलटसुलट होत राहील. ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्सडे’चंही तसंच. एका दिवशी ‘लेफ्ट’ पक्का करा, आठवड्याने ‘राइट’ आणा, गोंधळ होत नाही. रंगांची यादीही अशीच, एकेक रंग सुट्या सुट्या दिवशी एखाद्या वस्तूबरोबर येऊ द्या.

एका प्रसंगात सहज एकत्र येणारे शब्द मात्र एकमेकांना मदत करतात, कारण त्यांची कामं वेगवेगळी असतात. वर्गाला उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचा प्रसंग घ्या. डोअर, ओपन, लेट, सॉरी, टीचर, चेअर, सिट, बिगिन. आठ शब्द. एका तासाला नवख्यांना एवढेच द्यावेत असं माझं मत आहे, आणि त्यांतले दोन राहिले तरी दुसऱ्या दिवशी घ्यावेत.

शब्द निवडताना ते किती उपयोगी आहेत हेही बघा. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्यात अध्यापकांना शिकवत असत. इंग्रजीत वारंवार लागणाऱ्या सुमारे २,००० मूळ शब्दांची यादी त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली आणि नंतरच्या अनेक याद्या तिच्यावरून तयार झाल्या. त्यामागचा विचार अजूनही खरा आहे : थोडेसेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे हजारो क्वचित. प्राण्यांच्या यादीत ‘जिराफ’ शिकलेल्या माणसाला ‘नीड’, ‘गिव्ह’, ‘वेट’, ‘अगेन’ येत नसतील, तर त्याला कुठेही एक साधं वाक्य बोलता येत नाही. लहान मुलांना जिराफ आवडत असेल तर जरूर द्या, पण मोठ्या माणसांचा वेळ तिथे घालवू नका.

आता ते आठ शब्द कसे शिकवायचे ते जरा सविस्तर सांगते, कारण शब्द आणि सिलॅबल हे दोन वेगळे तास नाहीत, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. आधी कान. दाराशी जा, ‘डोअर’ म्हणा. दार उघडत ‘ओपन’ म्हणा. मग दुसऱ्या कुणाला ‘ओपन द डोअर’ म्हणा आणि त्याने फक्त उघडायचं, बोलायचं नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली : आधी आज्ञा ऐकून शरीराने उत्तर द्यायचं, बोलणं मागाहून येऊ द्यायचं. बोलायची घाई नसल्यामुळे शब्द निवांत ऐकला जातो आणि लाजणाऱ्यांनाही वर्गात भाग घेता येतो. प्रत्येक शब्द असा पाच-सहा वेळा कानावर पडला, की मग त्यांनी म्हणायचा आणि बोटाने ठोके द्यायचे. डोअर, लेट, चेअर, सिट यांना एक ठोका. ओपन, सॉरी, टीचर, बिगिन यांना दोन. ‘डोअर’ आणि ‘चेअर’ इथे जरा त्रास देतील. देवनागरीत ‘चेअर’ तीन अक्षरांनी लिहावा लागतो, म्हणून तो ‘चे-अर’ असा दोन तुकड्यांत म्हटला जातो. इंग्रजीत तो एका दमात, एकाच ठोक्यात आहे. वह्या मिटलेल्या असतील तर हा त्रास निम्मा होतो.

दोन ठोक्यांच्या चार शब्दांत आता जड, म्हणजे जास्त जोराचा, ठोका कोणता ते विचारा. ‘ओपन’, ‘सॉरी’, ‘टीचर’ यांत पहिला, ‘बिगिन’मध्ये दुसरा. मराठीत कुठल्या तुकड्यावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपला कान याकडे लक्षच देत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र त्या जोरावरून शब्द ओळखतो. रबर बँड दोन बोटांत धरायला द्या आणि जड सिलॅबलला तो ताणायला सांगा. हलका सिलॅबल नुसताच हलका होत नाही, त्यातला स्वरही विरघळून आपल्या ‘अ’सारखा होतो. ‘टीचर’चा शेवट, ‘अगेन’ची सुरुवात, ‘सोफा’चा शेवट, सगळीकडे तोच पुसट ‘अ’. इंग्रजीत सर्वाधिक वेळा ऐकू येणारा स्वर हाच. जोराची जागा बदलली की स्वरही बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर आहे, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, म्हणून दुसरा शब्द ऐकायला जवळजवळ ‘फटॉग्रफर’ असा येतो. नवख्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांना इतकं पुरे की दोन सिलॅबलच्या बहुतेक नामांत पहिला जड असतो, ‘टेबल’, ‘विंडो’, ‘पेपर’ यांसारखा. आणि ‘बिगिन’, ‘फरगेट’, ‘अराइव्ह’ अशा बऱ्याच क्रियापदांत दुसरा. मोठ्या विद्यार्थ्यांना ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ची जोडी जरूर द्या. फोनवर आकडे सांगताना होणारे घोटाळे बरेचसे या जड ठोक्यावरून होतात.

नंतर वाक्य. ‘सॉरी, आय अ‍ॅम लेट.’ ‘सिट डाउन.’ ‘लेट अस बिगिन.’ सुटा शब्द पाठ असून उपयोग होत नाही, त्याच्या आजूबाजूचे शब्द त्याच्याबरोबरच आले पाहिजेत. आणि मग, अगदी शेवटी, स्पेलिंग. तेही अक्षर-अक्षर नव्हे, सिलॅबलप्रमाणे. ‘ओ’ हा एक तुकडा लिहा, थांबा, ‘पन’चा तुकडा लिहा. विद्यार्थी बघतील, तुम्ही झाकाल, ते तुकडा तोंडाने म्हणत लिहितील. ‘ओ-पी-ई-एन’ घोकणाऱ्याला चार सुट्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, तुकड्याने लिहिणाऱ्याला दोन, आणि त्या दोन्ही त्याच्या कानात आधीच बसलेल्या असतात. ‘टीचर’, ‘बिगिन’ याच पद्धतीने. चुकलं तर पूर्ण शब्द पुसू नका. कुठला तुकडा बरोबर आला ते आधी दाखवा.

विद्यार्थी इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून घेतील. बरेच शिक्षक त्याला सरसकट बंदी घालतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत मला ते कठोर वाटतं. घरी गेल्यावर शब्द कसा म्हणायचा हे आठवायला त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. लिहू द्या, पण दोन अटी घाला. शब्द कानाने पक्का झाल्यावरच लिहायचा, आणि जड सिलॅबलखाली रेघ मारायची. देवनागरीत सगळी अक्षरं सारख्याच वजनाची दिसतात, ती रेघ नसेल तर वहीतून ‘बिगिन’ सपाट होऊन परत येईल. मुलांना मात्र शक्य तितकं या सवयीपासून लांब ठेवा. त्यांचा कान अजून तयार होतोय, त्यांना आधाराची गरज कमी आहे.

विसरण्याबद्दल. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ करायला त्याने घेतले होते चक्क निरर्थक सिलॅबल, म्हणजे ज्यांना कसलाच अर्थ नाही असे तुकडे. विसरणं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो, आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी एका बैठकीत घोकण्यापेक्षा जास्त टिकते, हे त्यातून दिसलं. तुमची चाचणी आठवड्याच्या शेवटी येते, तोवर जे जायचं ते पहिल्याच दिवशी गेलेलं असतं. म्हणून आजचे आठ शब्द तास संपताना एकदा, उद्या तास सुरू होताना एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने असे परत आणा. परत आणणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. तुम्ही दार दाखवायचं आणि त्यांनी शब्द आठवून काढायचा. आठवायला जो क्षणभर ताण पडतो, तोच शब्दाला पक्का करतो. प्रत्येकाला कार्डं आणि दोन कप्प्यांचं खोकं करून द्या. आलेलं कार्ड मागच्या कप्प्यात, अडलेलं पुढच्या कप्प्यात, पुढचा कप्पा रोज बघायचा आणि मागचा आठवड्याने. कार्डाच्या एका बाजूला चित्र किंवा मराठी अर्थ, दुसऱ्या बाजूला शब्द आणि त्याखाली ठिपके, जड सिलॅबलला मोठा, हलक्याला छोटा. ते ठिपके विद्यार्थ्यानेच काढायचे.

चाचणीही बदला. वीस स्पेलिंग लिहून घेण्याऐवजी प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं जवळ बोलवा. पाच शब्द चित्रावरून म्हणायला लावा, त्यांतल्या दोन शब्दांचे ठोके द्यायला लावा, एक वाक्यात वापरायला सांगा आणि एकच लिहून घ्या. शब्द कुठे अडलाय हे लगेच कळतं : अर्थ आठवत नाही, उच्चार सापडत नाही, की फक्त स्पेलिंग चुकतंय. लेखी चाचणीत या तिन्ही अडचणी एकाच लाल रेघेखाली जातात.

थोडं पुढे गेल्यावर ‘-एड’ आणि ‘-एस’ लागलेली रूपं येतील. तिथे सिलॅबल फार उपयोगी पडतात. भूतकाळाचा ‘-एड’ फक्त ‘ट’ किंवा ‘ड’च्या ध्वनीनंतरच वेगळा सिलॅबल होतो. ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’ दोन ठोक्यांचे. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’ एकाच ठोक्याचे, स्पेलिंगमध्ये ‘ई’ दिसत असली तरी. अनेकवचनात स, झ, श, च, ज अशा ध्वनींनंतरच ठोका वाढतो : ‘बॉक्सेस’, ‘वॉचेस’. ‘कप्स’, ‘डोअर्स’ एकाच ठोक्याचे. हे दोन्ही नियम भरवशाचे आहेत.

शब्दकोशातल्या तोडण्याचं म्हणाल, तर तिथे दोन वेगळी कामं चाललेली असतात. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे दाखवणारे ठिपके पुष्कळदा शब्दाची घडण बघतात. ‘टीच’ला ‘-अर’ लागून ‘टीचर’ झाला, म्हणून ‘टीच-अर’. कान मात्र ‘टी-चर’ असं तोडतो. उच्चारासाठी कंसात जे दिलेलं असतं ते वेगळं, आणि जोर कुठे हेही तिथेच कळतं. विद्यार्थ्यांना छापील ठिपके सध्या दाखवूच नका. कुठे तोडला यावरून कुणाचं उत्तर चूकही धरू नका. ‘टी-चर’ म्हणणारा आणि ‘टीच-अर’ म्हणणारा, दोघांचे ठोके दोनच आहेत आणि दोघांचा पहिला ठोका जड आहे. ‘चॉकलेट’, ‘फॅमिली’ यांसारख्या शब्दांत तर ठोक्यांचीच संख्या बोलणाऱ्यागणिक दोन किंवा तीन होते. कुणी तीन ऐकले तर त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला सांगा, त्याच्या तोंडून खरंच तीन निघत असतील तर त्याचे तीन मान्य करा आणि पुढच्या शब्दाकडे जा.